उपासमार, व्रत आणि उपास : भीमेकाठच्या १९०५ च्या उज्जीवनाची कथा

१/
उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरू लागले, की पळसदेवचे बुडालेले मंदिर कळसापासून खाली हळूहळू उघडे पडते आणि ते पाहायला माणसे होड्यांतून जातात. याच जलाशयावर डिकसळचा ब्रिटिशकालीन पूल आहे. तो मुळात आगगाडीसाठी बांधलेला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुण्याहून डिकसळपर्यंत आली ती १८५८ च्या डिसेंबरात. १८६० मध्ये ती सोलापूरला पोहोचली. पुढे उजनी धरण झाले, १९८० मध्ये ते पूर्ण झाले, आणि काठच्या गावांबरोबर रेल्वेलाही आपली जुनी वाट सोडावी लागली.

२/
या धाग्यातील कथा त्याच लोहमार्गावर, त्याच भीमेच्या खोऱ्यात, जलाशयाच्या थोडी वरच्या अंगाला घडते. दौंडच्या अलीकडे केडगाव नावाचे स्टेशन आहे. १९०५ च्या पावसाळ्यात तेथे शेकडो स्त्रिया आणि मुली प्रार्थनेसाठी गुडघे टेकून बसल्या, त्या तासन्‌तास उठल्या नाहीत. जेवणाची त्यांना आठवण राहिली नाही. त्यांतल्या बहुतेकींनी काही वर्षांपूर्वीच उपासमार पाहिली होती. भुकेने मरता मरता वाचलेल्या माणसाने आपणहून अन्न बाजूला सारावे, याचा अर्थ कसा लावायचा? इतिहासकारांनी या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

३/
आधी प्रदेश समजून घेऊ. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड हा सारा पट्टा पर्जन्यछायेतला. आज उजनीच्या काठाने ऊस डोलतो, म्हणून हे चटकन ध्यानात येत नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने मात्र हा भाग पार मोडून टाकला. १८७२ आणि १८८१ या दोन जनगणनांच्या दरम्यान सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आष्टीचा तलाव त्याच काळातले दुष्काळी काम. अशा कामांवर खपणाऱ्यांची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांनी रोजी एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणून ठेवली. त्याविरुद्ध मजुरांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले.

४/
याच नदीकाठाला उपासाची फार जुनी सवय आहे, हेही विसरता कामा नये. उजनीच्या खाली हीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. एकादशी येथे पंचांगातली केवळ एक तिथी नसते, ती घराघरांत पाळली जाते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही थट्टाही याच परंपरेची. मनापासून जपलेल्या गोष्टीचीच अशी थट्टा होते. मराठीने ‘उपास’ आणि ‘उपासमार’ हे शब्द एकमेकांना किती चिकटून ठेवले आहेत, ते पाहण्यासारखे आहे. पहिला माणूस स्वतः धरतो, दुसरी त्याच्यावर येऊन कोसळते.

५/
आणि एक तिसरा प्रकार होता, लादलेला उपास. उच्चवर्णीय घरांतल्या विधवेला एकभुक्त राहावे लागे, एकादशीला काही ठिकाणी पाण्याचा थेंबही वर्ज्य असे. ती तिची भक्ती मानली जात नसे; पूर्वजन्मीच्या पापाची ती शिक्षा होती. १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या इंग्रजी पुस्तकात या शिक्षेचे वर्णन आहे. ते पुस्तक लिहिणारी बाई म्हणजे पंडिता रमाबाई. केडगावचा आश्रम त्यांचाच.

६/
रमाबाईंना ही तिन्ही रूपे घरातूनच ठाऊक होती. जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना आणि मुलीला संस्कृत शिकवण्याचे धाडस केले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर फिरे. मग दक्षिणेत दुष्काळ आला. घरात होते नव्हते ते दानधर्मात, व्रतांत, देवतांच्या अनुष्ठानात खर्ची पडले. अनुष्ठानाने दैन्य फिटेल, ही श्रद्धा होती. तसे झाले नाही. शेवटी अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरावर काढल्याची आठवण रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या आत्मकथनात नोंदवली आहे. वडिलांनी जलसमाधी घेण्याचाही विचार केला होता. १८७४ मध्ये वडील गेले, त्यांच्यामागे आई, काही काळाने बहीण.

७/
रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायीच पुढे निघाले. हजारो मैल चालून १८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोहोचले, आणि तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. मराठी वाचकाला हा प्रसंग परिचित असतो. त्या प्रसंगामागे भुकेची किती वर्षे आहेत, हे सहसा सांगितले जात नाही. व्रत केले की देव प्रसन्न होतो, हे समीकरण रमाबाईंच्या डोळ्यांदेखत मोडले होते. त्यामुळे पुढे ख्रिस्ती झाल्यावरही उपास म्हणजे पुण्याचा सौदा, या अर्थाने तो त्यांना कधीच मान्य होणार नव्हता.

८/
आता थोडे ख्रिस्ती परंपरेविषयी. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपास केला, या कथेवरून ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ आला. कॅथलिकांत तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. वसईत आणि गोव्यात तो शतकानुशतके पाळला जातो. प्रॉटेस्टंट सुधारकांनी ठरलेल्या दिवसांच्या सक्तीला विरोध केला. उपास मात्र टाकला नाही. संकट आले, पाप जाणवले किंवा मोठा निर्णय समोर आला, की मंडळीने एकत्र येऊन उपास व प्रार्थना करावी, असा त्यांचा प्रघात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये तर सरकारी ‘उपास-दिन’ १८९४ पर्यंत सार्वजनिक सुट्टीचा दिवस होता.

९/
हा तपशील सोलापूरच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेले, १८३१ मध्ये अहमदनगरला आणि १८६० च्या दशकात सोलापूरला ठाणे मांडणारे अमेरिकन मराठी मिशन त्याच बॉस्टनच्या मातीतून आले होते. या मिशनऱ्यांची एक गंमतीची अडचण होती. गावात ते व्रतवैकल्यांवर टीका करीत. आणि आपल्या मंडळीला मात्र उपास करून प्रार्थनेला बोलावीत. नवख्रिस्ती शेतकऱ्याला यांतला फरक समजावून सांगणे सोपे नसणार. मिशनरी उत्तर देत, की एका उपासाने देवाला बांधून घ्यायचे असते आणि दुसऱ्याने स्वतःला मोकळे करायचे असते. तत्त्व म्हणून हे ठीक. पण पोटाला दोन्ही सारखेच जाणवतात.

१०/
या चर्चेत यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा अठ्ठावन्नावा अध्याय हमखास पुढे येतो. राख अंगाला फासून मान खाली घालणे म्हणजे उपास नव्हे. जोखडात अडकलेल्याला सोडवणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे, बेघराला घरात घेणे हा खरा उपास, असा त्याचा आशय आहे. केडगावच्या आश्रमाचे नाव ‘मुक्ती’ होते, हे येथे ध्यानात ठेवावे.

११/
रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. मराठी चरित्रांत धर्मांतराची चर्चा इथेच थांबते. स्वतः रमाबाई मात्र दुसरी एक तारीख महत्त्वाची मानीत: १८९१ च्या सुमाराची. विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन वाचताना त्यांना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त अजून मिळायचा आहे. हॅसलमची कथाही अशीच होती. धर्मगुरू झाल्यानंतर कित्येक वर्षांनी त्याचे अंतःकरण पालटले होते. धर्म न बदलता, आहे त्याच धर्मात पुन्हा जिवंत होणे, याला मराठी ख्रिस्ती लोक ‘उज्जीवन’ म्हणतात. हा शब्द पुढे वारंवार येईल.

१२/
प्रार्थना ही खासगी बाब आहे, असे म्हणणाऱ्यांनी १८९३ चे पुणे आठवावे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. विधवांना तेथे आपापला धर्म पाळण्याची मुभा होती. रमाबाई स्वतः बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत, तेव्हा आपल्या खोलीचे दार बंद करीत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी दोन डझनांच्या आसपास मुली काढून नेल्या. वाद उघड्या दाराचा होता. दोन्ही बाजूंना आपापली कारणे होती: पालकांच्या मते हा विश्वासघात, रमाबाईंच्या मते दार लावून घेणे म्हणजे स्वतःच्या घरात स्वतःचा धर्म लपवणे.

१३/
अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते. ती मुदत संपल्यावर काय, म्हणून रमाबाईंनी केडगावजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबाग लावायची, उत्पन्नावर सदन चालवायचे, असा बेत. उजाड माळरान, विहिरी खणण्यापासून सुरुवात. केडगाव म्हटले की आज बहुतेकांना नारायण महाराजांचे बेट आणि दत्तमंदिर आठवते, ते नंतरचे.

१४/
१८९० च्या दशकाच्या मध्यात लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती मेळाव्याला रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या. तेथे त्यांनी देवाकडे चमत्कारिक मागणी केली, की या पंधराचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस मुली मिळाव्यात. एवढ्या मुली येणार कोठून, याची त्यांनाही कल्पना नव्हती. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला.

१५/
रमाबाई तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांत त्यांनी जे पाहिले, त्यात त्यांना वीस वर्षांपूर्वीचे आपले कुटुंब दिसले. तसे त्यांनी लिहूनच ठेवले आहे. दलालांच्या तावडीत सापडू पाहणाऱ्या मुलींना, तरुण विधवांना घेऊन त्या परतल्या. नेमकी तेव्हा पुण्यात प्लेगची साथ. शहरात एवढ्या बायका-मुली ठेवायला परवानगी मिळेना. म्हणून सारे बिऱ्हाड केडगावच्या शेतावर गेले. १८९८ च्या सप्टेंबरात मुक्तीसदनाचा पाया घातला गेला. १९०० च्या गुजरात-काठेवाडकडील दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे १,९०० वर गेली. त्यांत मराठी, हिंदी, गुजराती बोलणाऱ्या सगळ्या जातींच्या मुली होत्या. शारदा सदन मुख्यतः ब्राह्मण विधवांचे होते. मुक्तीसदनात ती सीमा दुष्काळाने पुसली.

१६/
एवढ्या माणसांना जगवायचे म्हणजे काय? शेती, गाई-म्हशी, तेलाचा घाणा, विणकाम, छापखाना, शाळा. पोट भरणे ही तेथे रोजची प्रचंड खटपट होती. म्हणूनच १९०५ चा प्रसंग अधिक लक्षवेधी ठरतो. रमाबाईंचा आग्रह असा, की मुलींना जेवण आणि अक्षरओळख देऊन आपले काम पुरे होत नाही. रांगेने बाप्तिस्मा घेतलेल्या मुलींच्या अंतःकरणात काय चालले आहे, याची त्यांना काळजी होती. नावापुरते ख्रिस्ती असणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः आठ वर्षे अनुभवले होते.

१७/
जगातही त्या वेळी वारे वाहत होते. एकत्रित प्रार्थनेच्या चळवळीला भारताचा हातभार जुना आहे: लुधियानाच्या मिशनने १८५८ मध्ये आवाहन केले आणि १८६० च्या जानेवारीत पहिला जागतिक ‘प्रार्थना-सप्ताह’ पाळला गेला. १८९८ मध्ये इंग्लंडमधील केसिक येथल्या मेळाव्यात रमाबाईंनी भारतासाठी प्रार्थना मागितली. पंजाबात सियालकोटच्या १९०४ च्या पहिल्या मेळाव्यापूर्वी जॉन हाइड आणि त्याचे सहकारी तीस दिवस प्रार्थनेत बसले होते. त्याच वर्षी वेल्समध्ये कोळसा खाणकामगारांत उज्जीवन पेटले. १९०५ च्या आरंभी ते वेल्श मिशनऱ्यांच्या खासी टेकड्यांत पोहोचले. ऑस्ट्रेलियातल्या उज्जीवनाची माहिती घ्यायला रमाबाईंनी कन्या मनोरमा आणि सहकारी मिनी एब्रम्स यांना तिकडे पाठवलेही होते.

१८/
मिनी एब्रम्स ही अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी. १८८७ मध्ये ती मुंबईला आली, १८९८ मध्ये केडगावला. या कथेतील पुष्कळसे तपशील तिच्यामुळे टिकले. त्यातली भाषा भक्ताची आहे, वार्ताहराची नव्हे, हे वाचताना लक्षात ठेवावे लागते.

१९/
१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारले: उज्जीवनासाठी रोज एकत्र येऊन प्रार्थना करायला कोण तयार आहे? सत्तर जणी उभ्या राहिल्या. जून येईपर्यंत ती संख्या साडेपाचशेवर गेली. दिवसातून दोनदा प्रार्थना होऊ लागली. पाच महिने बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसले नसते. पेरणीआधी शेतकरी आभाळाकडे पाहतो, तसा तो काळ होता.

२०/
२९ जूनच्या पहाटे, साधारण साडेतीनच्या सुमारास, एक थोरली मुलगी जागी झाली. आपल्यावर अग्नी उतरला आहे, असे तिला वाटले. खोलीतल्या दुसरीला ती पेटलेली दिसली. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार एवढ्यात कळले, की मुलगी जळत नाही. ती आनंदाने प्रार्थना करीत होती. थोड्या वेळात त्या वाड्यातल्या जवळजवळ साऱ्या मुली तिच्याभोवती जमल्या, रडू लागल्या, आपापली पापे कबूल करू लागल्या. दुसऱ्या दिवशी, ३० जूनला, रमाबाई नेहमीच्या शांतपणे योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. सभेत सगळ्या जणी एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले.

२१/
अग्नी खरा होता का, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा आहे. पाण्याची बादली मात्र विश्वासार्ह वाटते. भक्तिकथा रचणारा माणूस सहसा बादली आणत नाही.

२२/
पुढचे कित्येक आठवडे शाळा आणि उद्योगांची घडी विस्कटली. समकालीन वृत्तांतांत एक क्रम पुनःपुन्हा येतो. आधी पापाची तीव्र जाणीव आणि आकांत, मग कबुली, शेवटी आनंद, टाळ्या, गाणी, मोठ्याने हसणे. चोरी, खोटे, द्वेष अशा लहानसहान गोष्टी मुली नावानिशी कबूल करीत. या अवस्थेत असलेल्यांना तहानभुकेची आणि झोपेची शुद्ध नसे. हा उपास कोणी फर्मावलेला नव्हता, त्याला तिथी नव्हती आणि पारणेही नव्हते. ज्यांच्या आयुष्यात भूक आजवर नेहमी बाहेरून आली, कधी दुष्काळ म्हणून तर कधी वैधव्याची शिक्षा म्हणून, त्यांच्या हाती ती पहिल्यांदाच स्वतःची गोष्ट म्हणून आली. केडगावच्या उज्जीवनाचे मर्म येथे आहे, असे मानायला जागा आहे.

२३/
याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आश्रमात वाढणाऱ्या, दुसरे घर नसलेल्या मुली. समोर आईच्या जागी असलेली बाई. आजूबाजूच्या शेकडो जणी रडत आहेत. अशा ठिकाणी ‘आपणहून’ या शब्दाला किती अर्थ उरतो? ही शंका तेव्हाही घेतली गेली, आणि आश्चर्य म्हणजे ती मिशनऱ्यांनीच अधिक घेतली. हा निव्वळ भावनातिरेक आहे, बायकांचा उन्माद आहे, असे ते म्हणत. शंका अयोग्य नव्हती. पण कबुलीनंतरचे वर्तनही तपासले पाहिजे: रडून मोकळ्या झालेल्या मुली पुन्हा कामाला लागल्या, आणि त्यांतल्या शेकडो जणी गावोगाव निघाल्या.

२४/
सुमारे सातशे जणींनी प्रार्थना-तुकड्यांत नावे दिली. पाळीपाळीने रोज साठेक जणी आसपासच्या खेड्यांत जात. एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या, बहुतेक अनाथ किंवा विधवा असलेल्या या मुली चावडीजवळ, विहिरीवर, पारावर उभ्या राहून गात आणि बोलत. त्यांच्या बोलण्याने किती गावकरी ख्रिस्ती झाले, हा हिशेब मिशनऱ्यांना महत्त्वाचा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे दृश्यच पुरेसे आहे. भीमाकाठच्या गावांत बाईने सार्वजनिक ठिकाणी उभे राहून धर्मावर बोलणे ही तेव्हा सोपी गोष्ट नव्हती. पांढऱ्या कपाळाच्या बाईला तर मंगल कार्यातही पुढे येऊ देत नसत.

२५/
केडगावहून दौंड फार लांब नाही. तेथे आल्बर्ट नॉर्टन नावाचा अमेरिकन मिशनरी मुलांचे अनाथालय चालवी. उज्जीवनाची दुसरी लाट आली, तेव्हा मुक्तीसदनातल्या काही मुली प्रार्थनेत न शिकलेल्या भाषा बोलतात, अशी वार्ता पसरली. नॉर्टन स्वतः पाहायला गेला आणि आपण जे ऐकले ते त्याने लिहून ठेवले. ख्रिस्ती परिभाषेत याला ‘अन्य भाषा बोलणे’ म्हणतात. जगभरातल्या पेंटेकॉस्टल पंथांची ती ओळख मानली जाते, आणि म्हणूनच केडगावचे नाव त्या पंथांच्या इतिहासात पोहोचले.

२६/
पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम म्हणून बहुधा लॉस एंजेलिसचा अझूसा रस्ता सांगितला जातो. विल्यम सीमोर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या सभा तेथे १९०६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाल्या. केडगावचे उज्जीवन त्याच्या आधीचे. ॲलन अँडरसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी म्हणूनच एकाच उगमाची कथा नाकारून अनेक केंद्रांची मांडणी केली, आणि त्यांत मुक्तीसदनाला ठळक स्थान दिले. अमेरिकेतून निघालेली लाट भारतात आली, हे नेहमीचे चित्र येथे उलटे होते.

२७/
उलटे म्हणजे किती, तर थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत. मिनी एब्रम्सने १९०६ मध्ये ‘द बॅप्टिझम ऑफ द होली घोस्ट अँड फायर’ ही पुस्तिका लिहिली. शिकागोच्या प्रशिक्षण विद्यालयातली तिची जुनी मैत्रीण चिलीमधल्या वालपराइसो बंदरात होती. तिचा नवरा विलिस हूव्हर तेथे मेथडिस्ट पाळक. पुस्तिका त्या घरात गेली. १९०९ मध्ये हूव्हरच्या मंडळीत उज्जीवन झाले, मेथडिस्ट श्रेष्ठींना ते रुचले नाही, आणि १९१० मध्ये चिलीतले पेंटेकॉस्टल स्वतंत्र झाले. दौंड तालुक्यातल्या एका माळावरून निघालेला कागद प्रशांत महासागराच्या काठी जाऊन असा रुजला.

२८/
रमाबाईंनी स्वतः अन्य भाषा बोलल्याची नोंद नाही. तो पवित्र आत्म्याचा एकमेव पुरावा आहे, असेही त्यांनी मानले नाही. प्रेम हा त्यांच्या लेखी मोठा पुरावा. पण टीकाकारांपुढे त्या नमल्या नाहीत. आश्रमाच्या ‘मुक्ती प्रेयर बेल’ या नियतकालिकात १९०७ मध्ये त्यांनी उज्जीवनाची बाजू मांडली. भारतीय स्त्री मोठ्याने रडते, हात वर करते, डुलते, टाळ्या वाजवते. तिने इंग्रजी चर्चच्या शिस्तीतच देवापुढे उभे राहावे, हा हट्ट कशासाठी, असा त्यांचा रोख होता. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात ज्याने कीर्तन पाहिले आहे, त्याला या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही.

२९/
तरीही मराठी स्मृतीत १९०५ नाही. याची कारणे दोन्हीकडे आहेत. राष्ट्रवादी इतिहासाला ख्रिस्ती रमाबाई नको होत्या. सुधारणावादी इतिहासाला रमाबाई हव्या होत्या, पण शिक्षण, विधवा, पुनर्वसन एवढ्यापुरत्या. गुडघ्यावर बसून रडणाऱ्या हजारभर मुली त्या चित्रात बसेनात. म्हणून चरित्रे शारदा सदनाच्या वादावर पानेच्या पाने खर्च करतात आणि उज्जीवनाला दोन ओळींत आटोपतात. रमाबाईंच्या दृष्टीने मात्र विहीर खणणे, अक्षरे शिकवणे आणि प्रार्थनेला बसणे ही एकाच कामाची अंगे होती. त्यांतले एक काढून टाकले, की उरलेली बाई ओळखू येते. पण ती रमाबाई राहत नाही.

३०/
रमाबाईंचे शेवटचे मोठे काम म्हणजे हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर. साध्या बायकांना समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. त्या दुःखातही काम चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर पुरे झाले होते. १९२४ पर्यंत ते केडगावातच, मुक्तीच्या छापखान्यात छापून झाले. खिळे जुळवणाऱ्या बायका आश्रमातल्याच होत्या.